मामींच्या मराठीतला शेवट

शेवटच्या दृश्यात बाईने हातातली कपड्यांची पेटी खाली ठेवली, पदर खोचला आणि चुलीवर दूध चढवले. तमिळ नामावली सरकू लागली, तरी सुनीती संगणकासमोरून हलली नाही. तिला आठवत होता तो शेवट हा नव्हता.

दर आठवड्याला एका नव्या बाईची कहाणी सांगणारी ती मालिका तिने लहानपणी चेंबूरला, शेजारच्या अलमेलूमामींकडे पाहिली होती. तमिळ कळत नसे. मामी एकेका वाक्याचे मराठी करून सांगत, आणि सुनीतीची आई दाराबाहेर भाजी निवडत ऐके. मामींच्या मराठीत ही बाई पेटी उचलून परगावी नोकरीवर निघून गेली होती. त्या आगगाडीची शिटीही सुनीतीच्या कानांत आजवर राहिली होती. आज धीर हवा होता, म्हणून तिने नेमका तोच भाग हुडकला. आणि पडद्यावरच्या दृश्याने नि त्याखालच्या इंग्रजी भाषांतराने दगा दिला.

दूरच्या नायमेखन शहरातल्या प्रयोगशाळेने तिला नोकरी देऊ केली होती; संध्याकाळपर्यंत होकार वा नकार कळवायचा होता. टाळेबंदीने शाळा बंद. लेक जुई दिवसभर घरात. जेवणाच्या टेबलावर कचेरी थाटलेल्या नवऱ्याचे, सुबोधचे, म्हणणे सौम्य होते : "आत्ता नको गं. शाळा उघडू दे, मग बघू." लग्न होऊन या डच गावी, डीमनला, आल्यापासून हे ‘मग’ तिने पुष्कळदा ऐकले होते.

तिने चेंबूरला फोन लावला.

"मामी, ती गेलीच नाही की हो! तुम्ही चक्क खोटं सांगितलंत."

पलीकडून ते ओळखीचे हसू आणि लाडाची तमिळ हाक. "इतक्या वर्षांनी चोरी पकडलीस, कण्णा? आता पोलिसात देतेस की काय?"

"पण का?"

"तुला कुठे सांगत होते मी? तू गोळ्यांच्या बरणीत डोकं घालून बसायचीस, पडद्याकडे लक्ष कुठे! ऐकत होती तुझी आई. तिला एका शाळेतून नोकरीचं बोलावणं आलेलं, आणि तुझे बाबा पेपरातून डोकं काढीनात. अशा वेळी दूध तापव म्हणून सांगू तिला?"

"म्हणजे आईलाही फसवलंत?"

"शोभाला? माझ्या मराठीपेक्षा तिचं तमिळ बरं होतं. सगळं कळलं तिला. सोमवारी सकाळी घराची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि शाळेत शिकवायला जिना उतरली."

फोन ठेवून सुनीतीने नायमेखनला दोन ओळींचे उत्तर धाडले.

"संपली का गोष्ट?" सुबोधने एका कानावरचा हेडफोन सरकवून विचारले. "काय केलं शेवटी तुझ्या बाईनं?"

"एक तारखेपासून जाते आहे," सुनीती म्हणाली. "दुपारी जुईला तू जेवायला वाढायचंस."

सुबोधने दुसऱ्या कानावरचाही हेडफोन काढून ठेवला.