मुक्कामाची गिटार

गिटारने पुन्हा शिट्टी मारली, तसं मयूरने उठून अँपचा आवाज कमी केला.

“काका, हिला आता औषध लागतंय,” तो म्हणाला.

वाल्मीकने तारांवर तळहात ठेवला. शिट्टी थांबली.

गंगापूर रोडला मयूरचं टाइल्सचं दुकान होतं. वरच्या खोलीत दर रविवारी ही मंडळी जमायची. आपापल्या गिटारी आणायची, एकमेकांच्या वाजवून बघायची, मग मिसळ खायची. मयूरकडे जपानी गिटारी होत्या. तृप्ती कॉलेजात शिकवायची आणि तारांचा आवाज पकडणारे गिटारीचे जुने पिकअप डब्यांत कापूस घालून जपायची. वाल्मीक ओझरच्या कारखान्यातून वायरमन म्हणून निवृत्त झालेला. त्याच्याकडे एकच गिटार होती, लाल, कडांचा रंग उडालेली. सटाण्याकडचा एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा घेतलेली.

पण तिचा पिकअप सगळ्यांना बघायचा असे. कुणीतरी घरीच गुंडाळलेला होता. चुंबकाभोवती केसासारखी तांब्याची तार, आणि ती मेणात बुडवून घट्ट केलेली नव्हती. त्यामुळे जवळ कुणी बोललं तरी तो ते पकडायचा.

तृप्तीने वाकून गिटारीजवळ तोंड नेलं. “नमस्कार, नाशिककर,” ती म्हणाली. अँपमधून तेच शब्द जुन्या रेडिओसारखे बाहेर पडले. सगळे हसले.

मयूर म्हणाला, मेणात बुडवून काढला की शिट्टीही जाईल आणि बडबडही. वाल्मीक म्हणाला, असू दे. घरी शिट्टी होत नाही. घरी अँप स्वयंपाकघरात असतो. ओट्याशी काम करताना बायकोला, उज्वलाला ऐकू यावं म्हणून त्यानेच बाहेरच्या खोलीतून आत वायर नेली होती.

मग मुक्कामाचा विषय निघाला. या मंडळींची ती रीत होती. आपली गिटार आठ दिवस दुसऱ्याच्या घरी मुक्कामाला द्यायची, त्याची आपण न्यायची. सगळ्यांच्या पाळ्या झाल्या होत्या. वाल्मीक वर्षभर टाळत आला होता.

“काका, गिटार आहे की नवी नवरी? कुणाच्या हाती देतच नाही,” तृप्ती म्हणाली.

“घरी हिला विचारतो,” वाल्मीक म्हणाला.

घरी येऊन त्याने लॅचची किल्ली फिरवली, चपला काढल्या. नेहमीसारखी वायर लावली आणि गिटार मांडीवर घेऊन कॉटवर बसला.

“आलात? मिसळ तिखट होती का?” स्वयंपाकघरातून आवाज आला.

“होती जरा.”

“मग ताक घ्या.”

तो उठला, फ्रीजमधलं ताक घेतलं आणि पुन्हा येऊन बसला. रविवारचं हे बोलणं ठरलेलं होतं. मग त्याने मुक्कामाचं सांगितलं. मंडळी चांगली आहेत, म्हणाला. नाही म्हटलं तर हळूहळू बोलावणंच बंद होईल. मग रविवारीही घरातच.

त्याने ताक खाली ठेवलं आणि गिटार जवळ ओढली.

“द्या की,” मग आवाज आला. “आठ दिवसांचं तर आहे.”

पुढच्या रविवारी त्याने गिटार मयूरच्या हातात दिली. पिकअपला हात लावू नकोस, हे ओठांवर आलं होतं. पण का, असं सगळ्यांसमोर कुणी विचारलं असतं. तो एवढंच म्हणाला, “जपून.”

“भांडं रिकामं परत येणार नाही, काका,” मयूर म्हणाला.

हीही तिथली रीत. शेजारणीच्या घरून वाटी आली की ती रिकामी परत करत नाहीत, तशी गिटारही नुसती परत करायची नाही. कुणी नवीन तारा टाकायचं, कुणी खुंट्यांना तेल द्यायचं.

त्या आठवड्यात घरातलं बोलणं बंद झालं. वाल्मीकने भाजी निवडली, टीव्ही लावला, बंद केला. मयूरची जपानी गिटार एकदा वायरीला जोडून पाहिली आणि पुन्हा खोळीत घातली. न राहवून त्याने मयूरला फोन केला.

मयूरने आधी घरचं विचारलं. “काकू काय म्हणतात?”

“सध्या काही बोलत नाही.”

“रुसल्या वाटतं. गिटार दिली म्हणून?”

“तसंच.”

मयूर हसला. रुसवा काढायचं माझ्याकडे लागलं, म्हणाला. दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, त्याने फोन ठेवला. वाल्मीकला पिकअपचं सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

रविवारी मयूरने गिटार आणली. तारा नव्या होत्या. लाल रंग पुसून पुसून चमकवला होता. मयूरने ती अँपला जोडली आणि आवाज पूर्ण वाढवला. शिट्टी नाही. तृप्ती वाकून पुन्हा “नमस्कार, नाशिककर” म्हणाली. अँप गप्प.

“मेणात ठेवून काढला,” मयूर म्हणाला. “आता फक्त तारा ऐकू येणार. काकूंना सांगा, पुतण्याकडून भेट.”

सगळे वाल्मीककडे बघत होते. त्याने गिटार घेतली, मयूरच्या पाठीवर हात ठेवला. “छान केलंस,” म्हणाला. मिसळीला थांबा म्हणाले, तर घरी काम आहे म्हणाला.

घरी येऊन त्याने लॅचची किल्ली फिरवली, चपला काढल्या, वायर लावली. एक तार छेडली. स्वयंपाकघरात ती स्वच्छ वाजली. तळहात ठेवून त्याने तिला गप्प केलं.

मग तो गिटारीवर वाकला, ओठ पिकअपला टेकेपर्यंत. “आलात?” तो नेहमीसारखं हळूच म्हणाला. “मिसळ तिखट होती का?” आणि उज्वला गेल्यापासून रिकाम्या असलेल्या स्वयंपाकघराकडे कान लावून बसला.