राजाभाऊंच्या गाडीचा काळा धूर

"शिंच्या, ही गाडी आहे की काजूची भट्टी?" राजाभाऊंनी डाव्या हाताने बॉनेटवर थाप मारली. माणूस पक्का डावखुरा. चहाचा कपसुद्धा त्याच हाताने घेणार.

संदेश मेस्त्रीने सांगितलं तसा राजाभाऊंच्या लेकीने, उर्वीने, अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गॅरेजमागच्या फणसावर काळा लोट चढला.

"निळा असता तर ऑईल जळतंय म्हटलं असतं," संदेश म्हणाला. "पांढरा असता तर आधी पाणी बघितलं असतं. काळा म्हणजे डिझेल पुरतंय, वारा पुरत नाही."

"मग वारा घाल तिला. नाहीतर देतो भंगारात. म्हातारी झालीय."

उर्वीने इंजिन बंद केलं. ठाण्याचा संसार मोडून ती गोळपला वडिलांकडे परत आली होती. रत्नागिरीत शाळेत शिकवायची, याच जुन्या डिझेल गाडीने जायची-यायची. संदेशला ती आवडत होती. पण हे सांगायचं कोणाला? हा चाळिशीला टेकलेला मेस्त्री, नखांत कायमचं ग्रीस. ती बागायतदाराची लेक. त्यात तिची आई, उमाकाकू, गेल्यापासून राजाभाऊंना तिच्यावाचून कोणी नाही. तुमच्या घरातलं उरलेलं एकच माणूस मला द्या, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? म्हणून तो आपला गाडीशीच बोलायचा.

त्याने इंजेक्टर उतरवले, पंप तपासला. दोन्ही ठणठणीत. काखेत कळसा नि गावाला वळसा, तशातली गत. शेवटी एअर फिल्टरकडे जाणारा वाऱ्याचा पाइप काढला, तर आत भाताच्या पेंढ्याचा बोळा.

"गाडी गोठ्याजवळ लावता ना? उंदराचं काम हे. घरटं केलंन."

"उंदीर?" राजाभाऊ म्हणाले. "असेल हो. गोठ्यात उंदरांना काय तोटा."

धूर थांबला. गाडी गेली आणि संदेश उगाचच पाने-पकडी पुसत बसला. गाडी बरी झाली, आता ती कशाला येणार?

पण आठवड्याभरात गाडी पुन्हा दारात, मागे तोच काळा ढग. या खेपेला उर्वी एकटीच होती.

"बाबांचा गुडघा धरलाय, त्यांना क्लच दाबवत नाही," ती म्हणाली आणि डबा पुढे केला. "घावनं पाठवलीत. म्हणाले, मेस्त्रीला घाई करू नको सांग, नीट बघू दे. तू थांब तिथेच."

पाइपात पुन्हा पेंढा. मग काय, अधूनमधून हेच सुरू झालं. संदेश पेंढा उपसायचा, उर्वी बाकावर बसून शाळेतल्या पोरांच्या गमती सांगायची, मग दोघं मिळून डबा संपवायची. ती हसताना तोंडावर हात धरते, चहात साखर घेत नाही, हे त्याला पाठ झालं. अन् ती घरी गेल्यावर राजाभाऊंचा फोन ठरलेला. "मेल्या, तुला जमत नसेल तर सांग. भंगारवाला बोलावतो." त्या नुसत्या शब्दाने संदेशचं काळीज हलायचं. गाडी मोडीत गेली की हे सगळंच मोडीत जाणार होतं.

एके दिवशी पाइपातून बोळा निघालाच नाही. निघाली चुंबळ. हंडा कलंडू नये म्हणून खाली ठेवतात तशी गोल, एक काडी इंजिनात जायची नाही इतकी घट्ट वळलेली. पीळ तेवढा उलटा होता.

उंदीर काही चुंबळ वळत नाही.

संदेशने बाकाकडे पाहिलं. उर्वी पदराने वारा घेत होती. म्हणजे ही मुद्दाम येते. एवढा आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता. तो हात न पुसताच तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"उर्वी, पुढच्या वेळी पेंढा घालू नका. धुराचं निमित्त कशाला? तशाच या. मला बरं वाटेल."

"मी घालते?"

त्याने चुंबळ दाखवली. तिने ती हातात फिरवून पाहिली आणि मान हलवली.

"मला वळतासुद्धा येत नाही. मला वाटायचं, तुम्हीच काहीतरी अर्धवट सोडता. मी परत यावं म्हणून."

"आणि तरी येत होतात?"

"म्हणून तर येत होते."

संदेश मटकन शेजारच्या टायरवर बसला. मग दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हसणं ओसरल्यावर उर्वी हळूच म्हणाली, "बाबांना कोण सांगणार? त्यांना माझ्याशिवाय कोण आहे?"

"मी सांगतो. गोळप काही लांब नाही. रोज सकाळ-संध्याकाळ येऊ की आपण."

गोळपचा चढ गाडी धूर न सोडता चढली.

राजाभाऊ गोठ्याच्या पायरीवर बसले होते. गाडी दिसताच त्यांनी मांडीवर पंचा ओढून घेतला.

"काय रे, परत धूर?"

"नाही राजाभाऊ, आता व्हायचा नाही." संदेशने किल्ली पायरीवर ठेवली. "दुसरंच बोलायचंय. मला उर्वीशी लग्न करायचंय. तिची ना नाही. तुम्हाला एकटं टाकणार नाही आम्ही. पण तुम्ही नको म्हणालात तर..."

राजाभाऊंनी लेकीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली, पण ती हसत होती. त्यांचे डोळे भरून आले.

"म्हणजे गाडी कायमची बरी झाली म्हणायची," ते म्हणाले.

"हो."

राजाभाऊंनी पंच्याखालून अर्धी वळलेली पेंढ्याची चुंबळ काढली, डाव्या हाताने तिचा उलटा पीळ सोडवला आणि पेंढा गायीपुढे टाकला.