मौनाचा मान

संघाचा दुसरा गोलरक्षक वेर्नेरी बर्फावरून आधी उतरला.

सगळ्यांनी ते पाहिले. सामन्याच्या दिवशी सकाळच्या सरावातून जो गोलरक्षक आधी बाहेर पडतो, तोच संध्याकाळी गोल राखतो. बर्फावरच्या हॉकीतला हा संकेत कोणी कोणाला शिकवत नाही. तो ज्याचा त्याला ठाऊक असतो. आर्मास आपल्या जाळीपाशी काठी टेकून उभा राहिला. शरद ऋतूपासून संघाच्या प्रत्येक सामन्यात गोल त्यानेच राखला होता. आजचा सामना निर्णायक होता. जिंकले तर अंतिम फेरी, हरले तर मोसम संपला. आर्मासचा तर हा अखेरचाच मोसम. या एका संध्याकाळसाठी त्याने दुखरे गुडघे हिवाळाभर ओढत आणले होते.

तरीही तो सगळ्यांच्या शेवटी उतरला, आणि भोजनगृहात जाऊन आपल्या कोपऱ्यातल्या मेजाशी बसला.

एकटे बसणे त्याच्या अंगवळणी पडले होते. खेळणाऱ्या गोलरक्षकाशी सामन्याच्या दिवशी संघातले कोणी बोलत नाही. सोवळ्यातल्या माणसाला शिवू नये, तसे. त्यात तुसडेपणा नसतो, असतो तो आदरच. त्याच्या चित्ताची एकाग्रता ढळू नये, एवढाच त्यामागचा भाव. परंतु सामने दिवसाआड येत, आणि मधला दिवस प्रवासात आणि झोपेत जाई. घरी बोलायला कोणी उरले नव्हते. असा मान मिळता मिळता हिवाळा सरत आला होता. अलीकडे तो पाव विकणाऱ्या बाईंशी हवामानाबद्दल गरजेहून अधिक वेळ बोलत उभा राही. त्याही बिचाऱ्या ऐकून घेत.

खिडकीबाहेर मार्चमधला समुद्र अजून गोठलेलाच होता. आर्मासने सामन माशाच्या रस्स्यात चमचा बुडवला. समोरची खुर्ची करकरली.

"काय रे आज्या, बसू ना इथं?"

बचावफळीतला राइमो ताट घेऊन समोर बसलादेखील. आर्मासचा हात थांबला. उरलीसुरली शंका फिटली. आज आपल्याशी बोलायला हरकत नाही, असे संघाने ठरवले होते. कोणी पाठीत सुरा खुपसला असता तरी इतके लागले नसते.

"बस," तो म्हणाला.

"मीठ दे इकडे. आणि तोंड का असं? रस्सा एवढा काही वाईट नाही. माझ्या बायकोच्या हातचा खाऊन बघ एकदा, मग कळेल."

आणखी दोघे आपापली ताटे घेऊन आले. मग तिघे आले. कोणी राईचा पाव पुढे केला, कोणी कॉफी ओतली. राइमोने खिशातून एक छायाचित्र काढले. एका दुपट्यात दोन तान्ही मुले होती.

"ही कोणाची?"

"कोणाची म्हणजे? माझी! जुळी आहेत. नाताळाच्या आधी झाली."

"मला कोणी सांगितलं नाही."

"केक वाटला की सगळ्यांना. तुला कसा देणार? तुझा सामना होता ना त्या दिवशी."

आर्मास छायाचित्राकडे पाहत राहिला. एका बाळाची मूठ दुसऱ्याच्या गालावर होती. "हा गोलरक्षक होणार," तो म्हणाला. "बघ, आत्तापासून अडवतोय."

मेज हास्याने दणाणले. "म्हातारा बोलतो की रे!" कोणीतरी म्हणाले. आर्मासही हसला. आपले हसू इतके मोठे आहे, हे त्याच्या ध्यानात राहिले नव्हते. छातीत सकाळपासून धरलेली कळ कधी सुटली, ते त्याला कळले नाही. संध्याकाळी आपण खेळणार नाही, हे तो थोडा वेळ विसरूनच गेला. त्याने आपण होऊन दुसऱ्यांदा कॉफी मागितली.

राइमोला आता रंग चढला होता. "ऐका तर. सासरी गेलेलो. सासूबाई सौनात वाफ घेत बसलेल्या. आणि बाहेर दाराला टेकून हा एवढा रेनडिअर! दार उघडेना. आतून सासूबाई ओरडतायत, राइमो, हाकल मेल्याला! मी आपला हळूच मागून गेलो, त्याची शिंगं धरली, आणि…"

दारात प्रशिक्षक लिंडरूस उभे होते.

"ही कसली जत्रा भरवलीय इथं?" ते म्हणाले. "त्याच्याशी काय गप्पा छाटताय?"

"वेर्नेरी आधी उतरला, म्हणून आम्हाला वाटलं…"

"वेर्नेरीची मांडी धरली, म्हणून त्याला डॉक्टरांकडे पाठवलं. खेळणार आर्मासच. ते कालच ठरलंय."

ते निघून गेले. चमच्यांचे आवाजसुद्धा थांबले. आर्मासला हवे होते तेच मिळाले होते. गुडघे, हिवाळा, सगळे सार्थकी लागले होते. त्याने सर्वांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिले. एकेक मान खाली गेली. सकाळी त्याच्यासाठी हळहळलेल्या त्या चेहऱ्यांवर आता नितळ भक्तिभाव होता.

एकेक जण आपले ताट घेऊन उठला. राइमो शेवटी उठला.

"मग?" आर्मासने विचारले. त्याचा स्वर त्यालाच परका वाटला. "पुढं काय झालं, राइमो? सासूबाई निघाल्या का बाहेर?"

राइमोने छायाचित्र खिशात ठेवले, आणि आवाज होऊ न देता खुर्ची अलगद आत सरकवली.