चीज एकदाच

“आणि उत्साह दाखव! नुसतं ‘छान’ म्हणून गप्प बसू नकोस,” गाडी फाटकातून आत घेता घेता तिबो म्हणाला.

“अरे, मी दक्षिणेतली, मार्सेची आहे! उत्साह कमी कर म्हणतात मला लोक,” मागाली म्हणाली. लग्नाला तिबोच्या आईचा, मादामचा, होकार हवा होता. तिबोच्या आधीच्या तिघी मैत्रिणी रविवारच्या एकेका जेवणातच बाद झाल्या होत्या.

“त्यांनी कौतुक केलं नव्हतं?”

“तोंडभर केलं होतं. पण आईच्या मनात नाही भरल्या. ती ‘वाईट नाही’ म्हणाली, की समज जिंकलीस. त्याच्यापुढे आई जात नाही. आणि हो, जेवणाच्या शेवटी चीजची फळी फिरेल तेव्हा एकदाच घ्यायचं. दुसऱ्यांदा घेतलं म्हणजे रांधणाऱ्यानं उपाशी ठेवलं, असा अर्थ.”

“एवढं कळतं रे मला!”

दारात मादाम उभ्या होत्या. ताठ, करड्या केसांच्या. मागून तिबोचे वडील फेर्नां लगबगीने आले, अंगठ्याला पट्टी, कपाळावर घाम. त्यांनी मागालीचे गाल चुंबले आणि पुन्हा आत पळाले.

मागालीने कौतुकाचा धडाकाच लावला. बागेतल्या भोपळ्यांना “काय सांगता! घरचे?” आजोबांच्या घड्याळाला “अय्या, अजून चालतंय?” मादाम म्हणाल्या, “चालतं.”

मग कोंबडी आली. मागालीने घास घेतला, वर अर्धा पेला पाणी प्यायली आणि डोळे मिटले.

“अहाहा! अशी कोंबडी मी जन्मात खाल्ली नाही!”

फेर्नां खुलले. चला, म्हातारा तरी आपल्या बाजूला, तिला वाटलं. मादामनी मात्र आपला तुकडा ताटाच्या कडेला सारला.

“आणि रस्सा! कमाल, मादाम, कमाल!”

“असं?” मादाम म्हणाल्या. आवाज आणखी गार.

मागाली घाबरली, म्हणून आणखी बोलली. जितकं बोलावं तितके मादामचे ओठ आवळत गेले. ताटातलं अर्धं तिने पावाखाली लपवलं. पोटात कावळे ओरडत होते.

चीजची फळी आली. शेजारच्या गोठ्यातलं, जुनं, पिवळंधमक. तिने तुकडा तोंडात टाकला आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडून शब्द फुटेना. काय चव! काय सुख! फळी तिबोकडून पुढे सरकत होती. मागालीचा हात आपसूक गेला आणि तिने चांगला मोठा तुकडा कापून घेतला.

सुरी तिच्या हातात तशीच राहिली.

तिबो पांढराफटक पडला. फेर्नांचा घास हातातच थांबला. संपलं सगळं, मागालीला वाटलं. तिला रडू फुटायच्या बेतात होतं.

“भूक राहिलीय?” मादामनी विचारलं.

आता खोटं बोलून काय उपयोग! “हो, मादाम,” ती पुटपुटली. “खूप.”

मादामनी फळी उचलून अख्खी तिच्यापुढे ठेवली.

“वाईट नाही ही मुलगी,” त्या म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. “ऐकलंत का हो, फेर्नां? तीस वर्षं दर रविवारी तुम्ही रांधून रांधून कोंबडी वाळवताय, आणि तुमच्या तोंडावर सांगणारं माणूस आज कुठे या घरात आलं!”