उभ्या गाडीची सहल

उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवलं की टायर घासतात, म्हणून ते कुणी फिरवायचं नाही, हा आसारामच्या घरातला कायदा होता. तरी सकाळी सरळ लावलेली चाकं संध्याकाळी वाकडी दिसायची. त्याने बायकोला आणि आईला खंडोबाचा भंडारा उचलायला लावला. दोघींनी बिनदिक्कत उचलला, "गाडी जाग्यावरून तसूभर हलवली न्हाई."

शेवटी एक दिवस पाथर्डीला जातो म्हणून तो निघाला आणि मागच्या वाटेने परत येऊन गाडीतच मागच्या बाजूला चादर पांघरून आडवा झाला.

थोड्या वेळाने पुढची दोन्ही दारं उघडली. सत्यशीला स्टेअरिंगवर बसली, शेजारी सासूबाई, मांडीवर पिशवी घेऊन.

"आत्या, आज कोल्हापूर ना?"

"व्हय. पर सावकाश घे बाई. काल घाटात लई मळमळलं मला."

सत्यशीलेने दोन्ही हातांनी जोर लावून वळण घेतलं. खाली टायर करकरले. आसारामला वाटलं, चाक आपल्या काळजावरच फिरतंय. वर भंडाऱ्याची शपथसुद्धा खरी निघाली होती, गाडी तसूभर हलत नव्हती. तो चादर फेकून उठणार, तेवढ्यात आई हळहळली.

"आसारामलाबी आणाया पायजे हुतं गं. एकटंच ऱ्हायलं माझं लेकरू."

त्याचा राग तिथंच विरघळला. डोळेसुद्धा भरून आले.



"आणलं हुतं की, आत्या. सारखी टायरची किरकिर करत हुते, म्हनून तुमीच न्हाई का परवा त्यांना तिसगावात उतरवून दिलं?"