तेच काम पुन्हा

“हे मशीन काय तुझ्या बापाचं आहे?”

कुलूपकाका कडाडले तशी समोरची मुलगी खुर्चीतल्या खुर्चीत आक्रसली. विद्यापीठाच्या संगणक केंद्राचे ते प्रमुख. नियम मोडला की त्या पोराच्या संगणकावरच्या खात्याला कुलूप, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव कुलूपकाका. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना आवडलंही होतं.

मुलगी संख्याशास्त्राची. पीएचडी संपत आलेली. केंद्रातल्या मोठ्या मशीनवर दर शनिवारी तिचं एक काम सुरू व्हायचं आणि सोमवार उजाडेपर्यंत सगळं मशीन अडवून बसायचं. बाकीच्यांची कामं मागे रांगेत ताटकळत. आज सकाळीच रसायनशास्त्राचे प्राध्यापक येऊन नाही नाही ते बोलून गेले होते. ‘तुमच्या नाकाखाली चाललंय आणि तुम्हाला पत्ता नाही!’ हे वाक्य काकांना फार झोंबलं होतं.

“या कामाचा तुझ्या प्रबंधाशी काही संबंध?”

“नाही, सर.”

“म्हणजे खाजगी. मग नियम माहितीये ना? खातं बंद. खातं बंद म्हणजे प्रबंधही बंद. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात! आणि कशासाठी गं? ती इंटरनेटवरची नाणी पाडायचा धंदा काढलास की काय?”

मुलीने नकारार्थी मान हलवली. मग खाली बघतच म्हणाली, “माझा दादा हरवलाय, सर.”

ती तुटक तुटक सांगत गेली. दादा सकाळी कामाला म्हणून निघाला तो परत आलाच नाही. रुग्णालयं झाली, चौक्या झाल्या. मग तिला कळलं, की गावोगावचे पोलीस बेवारस मृतदेहांचे फोटो इंटरनेटवर टाकतात. एवढे फोटो माणसाने बघायचे म्हटले तर जन्म पुरायचा नाही. म्हणून तिने ते सगळे गोळा केले आणि दादाचा चेहरा प्रत्येकाशी ताडून बघणारा प्रोग्राम लिहिला.

“घरी कोण असतं?” काकांनी विचारलं.

“आई. बाबा गेल्यापासून आम्ही तिघंच होतो.”

मघाशी आपण हिचा बाप काढला, हे आठवून काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी उगाचच टेबलावरची पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली.

“अगं, मग चोरून कशाला? मला येऊन सांगायचंस. मी काय वाघ आहे? अर्ज दे, शिफारस मी करतो. त्या रसायनवाल्याला काय सांगायचं ते माझ्यावर सोड.” त्यांनी चष्मा पुसला आणि स्क्रीनसमोर सरसावून बसले. “बघू दे तरी, एवढा वेळ का खातंय ते.”

“राहू दे ना, सर.”

“गप बस. केस पांढरे याच कामात झालेत माझे.”

कोणाचंही अडलेलं काम हातात आलं, की काकांच्या अंगात दहा हत्तींचं बळ यायचं. त्यांनी तिचा प्रोग्राम वरून खाली वाचला. सुबक होता. खोट काढायला जागा नव्हती. मग त्यांनी एकेका शनिवारची कामं उघडली आणि कपाळावर हात मारला.

“अगं बये! नवीन फोटो घातलेच नाहीस की! पहिल्या दिवशी जे होते तेच आजही. दळलेलंच दळण दळत बसलीयेस. संख्याशास्त्र शिकतेस ना? तेच फोटो, तोच चेहरा, मग उत्तर वेगळं येईल कसं?”

“येत नाही, सर,” ती पुटपुटली.

काकांचं लक्ष नव्हतं. ते निकालांची फाइल उघडत होते. सगळ्यांत जास्त जुळणारा चेहरा सगळ्यांत वर येत होता. डावीकडे घरचा फोटो, हसऱ्या तरुणाचा. त्याच्या एका कानाची पाळी जन्मापासून दुमडलेली असावी. उजवीकडे पोलिसांचा फोटो. डोळे मिटलेले, चेहरा सुजलेला, आणि कानाची पाळी तशीच दुमडलेली. खाली लिहिलं होतं, ‘ओळख पटली नाही. अंत्यविधी पोलिसांमार्फत उरकला.’

काकांनी मागच्या शनिवारची फाइल उघडली. वर तोच फोटो. त्याआधीची उघडली, त्याच्याही आधीची. अगदी पहिल्या कामाच्या निकालातही वर तोच चेहरा होता.

पोर बिचारी शोधतेय, आणि हे आता आपल्या तोंडाने सांगायचं! त्यांनी स्क्रीन हळूच तिच्यापासून दुसरीकडे वळवली.

“पोरी… हे निकाल तू कधी उघडून पाहिलेस का गं?”

“पहिल्याच खेपेला, सर.”

“अगं, मग… मग दर शनिवारी हे कशाला?”

मुलीने बॅग उचलून खांद्याला लावली.

“शनिवार-रविवारी मी वसतिगृहातून घरी जाते. आई सारखी विचारते, ‘मशीन शोधतंय ना गं अजून?’” ती म्हणाली, “आणि मला आईशी खोटं बोलता येत नाही.”