सहाशेचाळीसच्या आत

उज्वलाने सकाळपासून विसाव्यांदा कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काळ्या पडद्यावर टकटक करत मेमरीचा आकडा आठ हजारांपर्यंत चढला आणि शेवटी तेच इंग्रजी वाक्य आलं: मेमरी पुरत नाही. त्या डब्याला एक ठेवून द्यावी असं तिला वाटलं.

“परवाच चार एमबी टाकल्या ना मी?” कोल्ड स्टोरेजचे मालक किशोरशेठ दारातूनच म्हणाले. “गेल्या कुठं?”

“आहेत शेठ, पण वरच्या मजल्यावर. आपले प्रोग्राम जुन्या वळणाचे. त्यांना तळमजल्यावरच्या सहाशेचाळीस केबीतच राहता येतं. वरचं त्यांना दिसतच नाही.”

बाहेर पिंपळगावातले द्राक्षांचे टेम्पो येऊन लागत होते. आजपासून चारही खोल्यांचं तापमान पडद्यावर दिसणार होतं. अकरा वर्षं खोलीखोलीत जाऊन थर्मामीटर बघणारा पुंजा आता या पडद्यासमोर बसणार होता. पण तो चौथी शिकलेला, वाचणार ते मराठीच. पडदा मराठीत करून देते, असा शब्द उज्वलाने त्याला दिला होता. आता मराठी अक्षरांचा प्रोग्राम आणि तापमान चढलं की भोंगा वाजवणारा प्रोग्राम, दोघंही तळमजल्यावर ठाण मांडून बसले होते. तिने माउसचा प्रोग्राम वर पाठवला, वर जाण्यासारखं बारीकसारीक सगळं पाठवलं. तरी जागा झाली ती दोघांपैकी एकाचीच.

“मग मराठी काढ,” शेठ म्हणाले. “भोंगा वाजला की मी बघेन. पुंजाला मोकळं करू.”

पुंजा तिथेच उभा होता, कानाला मफलर गुंडाळून. “ऱ्हाऊ द्या ताई,” तो म्हणाला, “लय दमल्या तुम्ही.”

त्याच्या या समजूतदारपणाचाच तिला राग आला. तिने भोंगा काढून टाकला आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. पडद्यावर मराठीत आलं: खोली तीन, १ अंश.

“आणि भोंगा?” शेठनी विचारलं.

“पुंजाभाऊ आहेत ना.”

शेठ बाहेर गेले. काचेतून तिला दिसलं, त्यांनी हमालाला खूण केली आणि त्याने तीन नंबरचं दार सताड उघडून ठेवलं. शेठ परत येऊन तिच्या मागे उभे राहिले.

प्रोग्राम दर पाच मिनिटांनीच तापमान घेतो, हे तिला ठाऊक होतं. पण शेठ मागेच उभे, पुंजाला सांगायची सोय नव्हती. पुंजा खुर्चीत बसून पडद्याच्या काचेवर बोट ठेवत एकेक अक्षर लावत होता. “खोली... तीन. एक अंश.” मग पुन्हा पहिल्यापासून. पडद्यावर एकच अंश होता.

मध्येच तो थांबला. त्याने कानावरचा मफलर खाली ओढला. भिंतीपलीकडच्या कॉम्प्रेसरचा आवाज जरा जड झाला होता. खुर्ची मागे सारून तो बाहेर पडला.

शेठ पडद्याकडे बघत राहिले. तिथे अजून एकच अंश होता.

दोन मिनिटांनी त्याचे दोन झाले. तोवर तीन नंबरचं दार लागल्याचा आवाज येऊन गेला होता.